प्रतीक्षायादीतली सतरावी

“आणि बाकीचे?” बाईंनी विचारलं.

पुष्कर बोलता बोलता अडला. गेला पाऊण तास तो एकटाच बोलत होता, आणि बाई समोर ताट घेऊन बेदाणे निवडत होत्या. आपल्या इतक्या मुद्देसूद बोलण्यात बाकीचे म्हणून कोण राहिले, हे त्याला आधी कळेचना.

“बाकीचे कोण, बाई?”

“ज्यांना उपचार दिला नाही ते.”

“ते थांबले होते. प्रतीक्षायादीत.”

“हं...” बाईंनी ताटातली एक काडी उचलून बाजूला टाकली.

डॉ. लीलावती शेंडगे यांना सगळे नुसतंच ‘बाई’ म्हणत. जिल्ह्याच्या ठिकाणच्या सरकारी मेडिकल कॉलेजात मानसोपचार विभागात त्यांनी तीस वर्षं काढली. रुग्ण तपासणं तर होतंच, पण त्यांचं नाव झालं ते शोधनिबंध वाचायला शिकवण्यामुळे. बाईंच्या हाताखालून गेलेला डॉक्टर निबंधाचा निष्कर्ष सगळ्यात शेवटी वाचतो आणि आधी माणसं मोजतो, असं विभागात म्हणायची पद्धत होती. निवृत्तीनंतर त्या तासगावकडे भावाच्या द्राक्षबागेत राहायला आल्या. बेदाण्याच्या शेडला लागून दोन खोल्या, पुढे पडवी, आणि हंगामात मांडीवर हे ताट.

पुष्कर म्हेत्रे त्यांचा शेवटच्या तुकडीतला विद्यार्थी. आता तो त्याच विभागात सहयोगी प्राध्यापक होता आणि गुरूपेक्षा चार पावलं पुढेच गेला होता. निदान त्याला तरी तसं वाटत असे. परिषदांमधून त्याला बोलावणी येत ती दुसऱ्यांचे निबंध फाडायला. त्याच्या हातून एखादा निबंध सुखरूप सुटला तर लेखकानं पेढे वाटावेत, असं पोरं गमतीनं म्हणत. हे ऐकलं की तो वरवर रागवायचा आणि आतून फुलायचा.

या वेळी त्याच्या तावडीत सापडला होता परदेशातल्या एका मोठ्या गटाचा आढावा. नैराश्याच्या रुग्णांना औषधाविना झोप आणायचे जे जे उपचार आहेत, त्यांच्यावरचे अठ्ठावीस अभ्यास या लोकांनी गोळा केले होते आणि एकत्र मोजून सांगितलं होतं की, झोप सुधारली की नैराश्यही चांगलंच कमी होतं. एका नियतकालिकानं पुष्करकडून त्याचं परीक्षण मागवलं होतं. चार पानं त्यानं लिहून आणली होती. उद्या ती पाठवायची होती.

दुरुस्त्या सुचवाल म्हणून आलो, असं तो म्हणाला खरा. पण दुरुस्तीला जागा आहे असं त्याला मुळीच वाटत नव्हतं. त्याला ‘शाबास’ हवं होतं. अकरा वर्षांत बाईंच्या तोंडून त्यानं ते एकदाही ऐकलं नव्हतं.

आणि परीक्षण खरोखरच उत्तम होतं, हेही सांगितलं पाहिजे. त्यानं दाखवून दिलं होतं की, उजेडाचा उपचार म्हणून दिव्यासमोर बसवलेले, आसनं शिकवलेले आणि अंथरुणात पडायचे तास बांधून दिलेले असे सगळे रुग्ण या लोकांनी एकाच पातेल्यात शिजवले आहेत. उपचार कोणाला मिळतोय हे रुग्णांनाही ठाऊक होतं आणि मोजणाऱ्यांनाही. ज्यांच्या मनात जीव द्यायचे विचार येतात त्यांना बहुतेकांनी दारातूनच परत पाठवलं होतं, म्हणजे ज्यांना सर्वांत जास्त गरज, त्यांच्याबद्दल आढाव्याला काहीच ठाऊक नव्हतं. मधेच सोडून गेलेले लोक मोजणीतून गुपचूप गळले होते.

हे सगळं बाईंनी मान न उचलता ऐकलं.

आणि मग विचारलं, बाकीचे?

“त्याच्यावरही लिहिलंय मी,” पुष्कर उत्साहानं म्हणाला. त्यानं तिसरं पान काढलं. हा भाग त्याचा सर्वांत लाडका होता. “अठ्ठावीसपैकी एकोणीस अभ्यासांत तुलना केलीय ती प्रतीक्षायादीशी. वाचू?”

“वाच.”

“प्रतीक्षायादीतली माणसं होती तशी राहत नाहीत. उपचार मिळणार आहे पण आत्ता नाही, असं सांगून थांबवल्यामुळे ती अधिक बिघडतात. म्हणून त्यांच्या शेजारी ठेवलेला कोणताही उपचार असतो त्याहून गुणकारी दिसतो.”

बाईंचा हात ताटात थांबला.

“परत वाच.”

त्यानं परत वाचलं. आवाज जरा चढवूनच वाचलं. शाबासकीची वेळ जवळ आली असं त्याला वाटलं.

“वाक्य कुणाचं?”

“माझंच.”

“खरं आहे?”

“हो. खाली तीन संदर्भ दिलेत.”

 शेडमधून बायकांच्या बोलण्याचा आवाज येत होता, तो मधेच थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

मग बाईंनी अगदी वेगळंच काढलं. तुझा स्वतःचा अभ्यास कुठवर आला, म्हणून विचारलं.

शाबासकी हुकल्याचं त्याला वाईट वाटलं, पण हा विषयही आवडता होता. नैराश्याच्या गोळ्या चालू असूनही झोप नसलेले साठ रुग्ण त्यानं घेतले होते. चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. तिसांचा झोपेच्या सवयी शिकवणारा वर्ग लगेच सुरू झाला. उरलेल्यांचा आठ आठवड्यांनी. गोळ्या दोघांच्याही चालूच. दर सोमवारी जमदाडे सिस्टर फोन करून प्रश्नावली भरून घेतात. मधल्या काळात कुणी परस्पर काही उपाय करून आकडे बिघडवू नयेत, म्हणून संमतीपत्रात त्यानं स्वतः एक ओळ घातली होती : या आठ आठवड्यांत झोपेसाठी अन्य कोणताही उपाय करू नये. भेसळ नको. परदेशातल्या अभ्यासांतही इतकी काळजी कुणी घेत नाही, असं तो म्हणाला.

“थांबलेत किती?”

“तीस.”

 पुष्कर हुशार होता. बाई कुठून कुठे आल्या ते त्याला कळलं, फक्त जरा उशिरा.

“बाई, ते मला माहीत आहे. सगळीकडे हेच करतात. कॉलेजच्या नैतिकता समितीनं मंजूर केलंय, सगळ्यांच्या सह्या आहेत. आणि मी लपवणार थोडाच आहे? निबंधात मर्यादा म्हणून नोंदवणार. शेवटच्या परिच्छेदात.”

“कुणाची मर्यादा?”

“अभ्यासाची.”

“...”

बाईंचं गप्प बसणं विभागात प्रसिद्ध होतं. त्या रागावल्या की माणूस सुटत असे. गप्प बसल्या की सुटत नसे.

पुष्करला संताप आला. घरी आलेल्या माणसाच्या कामाकडे बघायचं सोडून त्याच्याच अंगावर यायचं, ही काय रीत झाली? आणि संतापात माणूस करतो तेच त्यानंही केलं. आपल्यापेक्षा वाईट कोण, ते दाखवायला निघाला. पिशवीतून त्यानं आढाव्यातला एक जुना निबंध काढला. अठ्ठावीसांमधला सर्वांत लहान आणि त्याच्या मते सर्वांत टाकाऊ.

“निदान मी असं तरी करत नाही,” तो म्हणाला. “हा बघा. एक्क्याण्णव सालचा आहे, आपल्याच भागातला. चाळीस रुग्ण घेतले आणि निकाल दिलाय छत्तीस जणांचा. चौघे कुठे गेले त्याचा अवाक्षरानं उल्लेख नाही. मी बाजूला लिहिलंय, ‘लेखकांची शुद्ध बेफिकिरी’.”

“निबंध कुणाचा?”

“देशिंगकर व इतर.”

“इतर म्हणजे कोण?”

ते त्यानं पाहिलं नव्हतं. कोण पाहतं? विभागप्रमुखाचं नाव पुढे आणि राबणारे सगळे ‘इतर’मध्ये, हा रिवाज तेव्हाही होता आणि आजही आहे. त्याच्या स्वतःच्या निबंधांतही जमदाडे सिस्टर कुठे ‘इतर’मध्येसुद्धा नसत.

बाईंनी हात पुसले. निबंध मागून घेतला. पहिल्या पानावरच्या बारीक अक्षरातल्या नावांवर बोट ठेवलं आणि पान त्याच्याकडे फिरवलं.

तिसरं नाव : ली. शेंडगे.

 पुष्करनं घाईघाईनं पेन काढलं. शेरा खोडायला हात पुढे केला.

“खोडू नकोस,” बाई म्हणाल्या. “बरोबर लिहिलंयस.”

“बाई, मला माहीत असतं तर...”

“तर लिहिलं नसतंस. मग ते परीक्षण कसलं?”

त्या उठल्या, आतून पेन्सिल घेऊन आल्या आणि पुन्हा बसल्या. निबंधात एक तक्ता होता. वरच्या चौकटीत चाळीस, खाली वीस आणि वीस, त्याखाली अठरा आणि अठरा. सगळीकडे असतो तसा. बाईंनी चौकटीच्या बाहेर, कोऱ्या समासात, एकाखाली एक चार नावं लिहिली. आठवायला त्यांना वेळ लागला नाही. तीस वर्षांहून जुनी नावं, पण हात कुठे अडला नाही.

पहिला, रामू ढाले, मुंबईला मुलाकडे निघून गेला. दुसरी शाहीन मुजावर, तिला नवऱ्यानं पाठवणं बंद केलं. तिसऱ्या माणसाला बरं वाटलं म्हणून तो यायचाच थांबला, आणि बाजारात भेटला की बाईंना आपल्याकडची भाजी घ्यायला लावायचा. हे सांगताना बाई थोडंसं हसल्या.

चौथ्या नावापाशी त्या हसल्या नाहीत.

“द्रौपदा कोष्टी,” त्या म्हणाल्या. “थांबणाऱ्यांतली.”

पुष्करनं तक्त्याकडे पाहिलं.

“सहाव्या आठवड्यात ओपीडीच्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, बाई, जरा लवकर घ्या मला. मी म्हटलं, दोनच आठवडे राहिलेत. ‘बरं’ म्हणाली. वाद घालणारी नव्हती. पाया पडली आणि गेली.”

“आणि?”

“आठव्या आठवड्याला आली नाही. मला राग आला, पुष्कर. एक आकडा कमी झाला म्हणून राग. चांगले पंधरा दिवस मी रागातच होते. मग एका रविवारी तिच्या घरी गेले, प्रश्नावली घेऊन.” बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. “तेरावा होऊन गेला होता.”

बाहेर उन्हात बेदाण्याचे क्रेट एकावर एक ठेवल्याचे आवाज येत होते. दुपार टळत आली होती.  

“निबंधात का नाही लिहिलंत?” पुष्करनं विचारलं.

“देशिंगकर सर म्हणाले, एकीचं लिहिलं तर चौघांचं लिहावं लागेल. जागा नाही.”

“मग तुम्ही?”

“मी हो म्हटलं.”

हे त्यांनी इतक्या सपाट आवाजात सांगितलं की पुष्करला रडू येईल असं वाटलं. बाईंना तो निबंधांचा कर्दनकाळ म्हणून ओळखत होता. माणसं आधी मोजा, हे त्या वर्गात ओरडून ओरडून का सांगायच्या, ते त्याला आज कळत होतं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असंही वाटत होतं.

बाईंनी त्याचं चौथं पान उलटं केलं. पाठीमागची कोरी बाजू त्याच्यापुढे सरकवली. वर पेन्सिल ठेवली.

“तुझे तीस लिही.”

“नावं?”

“नावं.”

त्यानं पेन्सिल हातात घेतली. पहिलं नाव लगेच आठवलं, कारण तो गृहस्थ त्याच्याच गल्लीतला शिक्षक होता. दुसरं एका ओळखीच्या वकिलाच्या आईचं. त्यानंतर पेन्सिल थांबली. माणसं सगळी डोळ्यांपुढे होती, पण ती क्रमांकानंच. प्र म्हणजे प्रतीक्षायादी. प्र-चार, रडकी बाई. प्र-नऊ, एस.टी.तून निवृत्त. ओळख कळू नये म्हणून नावं तिजोरीत आणि कागदावर क्रमांक, हाही चांगला नियमच होता आणि तो त्यानं कसोशीनं पाळला होता.

कागदावर त्यानं आणखी एक ओळ लिहिली. प्र-सतरा.

“ही कोण?”

“हिनं तीनदा ओपीडीत फोन केला होता,” पुष्कर म्हणाला. बोलता बोलता त्याचा आवाज बारीक होत गेला. “कधी घेणार म्हणून विचारायला. सिस्टरनी मला विचारलं. मी म्हटलं... सांगा, तीन आठवडे राहिलेत.”

“कधी?”

“गेल्या शुक्रवारी.”

 बाईंनी पेन्सिल त्याच्या हातातून काढून घेतली, आणि त्याचा फोन, जो ताटाशेजारी पालथा पडला होता, तो सरळ करून त्याच्यापुढे ठेवला.

जमदाडे सिस्टर पहिल्याच घंटेला बोलल्या. प्र-सतरा? हो सर, तेच सांगणार होते. सोमवारपासून फोन उचलत नाहीत. फॉर्मवर लिहिल्याप्रमाणे तीन वेळा लावला, वेगवेगळ्या वेळी. मग ‘संपर्क तुटला’ या रकान्यात टाकलं. बरोबर केलं ना?

बरोबरच केलं होतं. तो रकानाही पुष्करनंच आखला होता.

“नाव काय त्यांचं?” त्यानं विचारलं.

सिस्टर जरा गोंधळल्या. सर कधी नाव विचारत नसत. त्यांनी कपाट उघडलं, पानं चाळली. ती वाट पाहण्याची दोन-तीन मिनिटं पुष्करला पुढे कित्येक वर्षं आठवत राहिली. मग त्यांनी सांगितलं : मंदाकिनी गुरव, सावळज. स्वतःच्या फोनशिवाय जावेचा एक नंबर दिलेला आहे.

जावेच्या नंबरावर बराच वेळ घंटा वाजली. पुष्कर उभा राहिला. पडवीच्या टोकाला गेला, परत आला. त्याला वाटत होतं, उचलू नये, आणि वाटत होतं, कुणीतरी उचलावं.

“कोन बोलतंय?”

त्यानं नाव सांगितलं. मंदाकिनीताईंबद्दल विचारलं. विचारताना ‘आहेत का’ असेच शब्द त्याच्या तोंडून गेले.

“हाय की. हितंच हाय,” जाऊ म्हणाली.

पुष्कर पडवीच्या पायरीवर बसला.

“फोन घेत न्हाई तिचा ती,” जाऊ सांगत होती. “वाजला की नुस्ती बगत बसती. बोलत न्हाई, जेवत न्हाई. रातभर उंबऱ्यात बसून असती, डाक्टर. काय समजंना झालंय आमाला.”

“झोप अजिबातच नाही?”

“आदी निदान दोन-तीन तास पडायची. मी रोज निजताना काशाची वाटी घिऊन तळपाय घासून देत हुते तेल लावून. तेवढ्यानं डोळा लागायचा. सांजच्याला देवळात दिवाबत्तीला जायची, चार बायकांत बोलायची. आता समदं बंद केलंय तिनं. पायाला हात लावू देत न्हाई.”

“का?”

“तुमी सांगितलंय म्हनती. कायबी उपाय करायचा न्हाई म्हनून. कागदावर सही केलीया म्हनती, आपन केलं तर डाक्टरांचं काम बिघडंल.”



थांबवल्यामुळे माणसं बिघडतात, हे पुष्करनं तीन संदर्भ देऊन लिहिलं होतं. कशी बिघडतात, ते त्या तिन्ही संदर्भांत नव्हतं. ते असं होतं. एक बाई आपल्या जावेला पायाला हात लावू देत नाही आणि त्याचं काम बिघडू नये म्हणून जागी बसते. भेसळ नको या एका ओळीसाठी. ती ओळ लिहिताना त्याला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

“त्यांना फोन द्या,” तो म्हणाला.

 मग कुणीतरी फोन कानाशी धरल्याचा आवाज आला, नुसता श्वासाचा.

“मंदाकिनीताई?”

“...”

“मी डॉक्टर म्हेत्रे बोलतोय.”

“आठ आठवडं झालं का, डाक्टर?”

आवाज कसल्याच भावनेचा नव्हता. ना तक्रार, ना आशा. शाळेत बाकावर उभं केलेल्या मुलानं बसू का म्हणून विचारावं तसा.

पाच आठवडे आणि पाच दिवस झाले होते. पुष्करला ते तारखेनिशी माहीत होतं. एका लेखकानं साडेसात आठवड्यांना आठ म्हटलं म्हणून यानंच भर सभेत त्याची चामडी सोलली होती.

“झाले,” पुष्कर म्हणाला.



“मग वाटी चालंल?”

“चालेल, ताई. आजच लावून घ्या. आत्ताच. मी सांगतोय म्हणून.” त्यानं फोन जरा दूर धरला आणि पुन्हा जवळ आणला. “आणि मी निघालोय. तासाभरात पोचतो. तुम्ही जावेजवळ बसून राहा. एकट्या बसू नका. फोन त्यांच्याकडे द्या जरा.”

जावेला त्यानं बजावून सांगितलं की, आपण येईपर्यंत त्यांना क्षणभरही एकटं सोडायचं नाही, आणि काही वेगळं वाटलं तर याच नंबरावर लगेच फोन करायचा. तिनं बरं म्हटलं. तिला यातलं किती कळलं होतं कोण जाणे, पण ती लगेच कुणाला तरी तेलाची बाटली आण म्हणून ओरडली, ते त्याला ऐकू आलं.

मग त्यानं पुन्हा सिस्टरना फोन लावला आणि यादीतल्या प्रत्येकाला आजच्या आज फोन करायला सांगितलं. थांबणं संपलं म्हणून सांगा, म्हणाला. ज्यांचा फोन लागणार नाही त्यांच्या घरी जायचं.

“सगळ्यांना, सर?” सिस्टरनी विचारलं. “मग अभ्यास...”

“सगळ्यांना.”

फोन ठेवला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की, दोन वर्षांचं काम त्यानं चार वाक्यांत संपवलं आहे. समिती, मंजुरी, चिठ्ठ्या, सोमवारचे फोन, सगळं. त्याचं दुःख झालं नाही असं नाही. झालं. पण ते दुःख मागच्या रांगेत जाऊन बसलं, कारण पुढे दुसरंच कुणी बसलेलं होतं. आणि ती बाई अजून बरी झालेली नव्हती. तासाभरात काय दिसेल, सांगता येत नव्हतं.

बाई पुन्हा बेदाण्यांकडे वळल्या होत्या. त्यांनी त्याला धीर दिला नाही. चांगलं केलंस म्हणाल्या नाहीत. त्यांच्या तोंडाकडे पाहून वाटत होतं की, त्या इथे नव्हत्याच. तीस वर्षांमागच्या कुठल्या तरी रविवारी, कुणाच्या तरी दारात, प्रश्नावली घेऊन उभ्या होत्या.

पुष्करनं चपला घातल्या. गाडीची किल्ली चाचपली. आणि सवय ती सवय, त्याची नजर पडवीतल्या खाटेवर पसरलेल्या चार पानांकडे गेली. चौथं उलटं पडलं होतं, त्याच्यावर दोन नावं आणि एक क्रमांक.

क्रमांकापुढे त्यानं उभ्या उभ्या नाव लिहिलं.

“बाई,” तो म्हणाला, “हे परीक्षण उद्या पाठवायचंय. आता त्यात काय लिहू? सगळं परत लिहावं लागेल. तो आढावा...”

बाईंनी मान वर केली.

“आढाव्याला थांबू दे,” त्या म्हणाल्या. “त्याला झोप लागते.”